एकतीस खुणा

ओट्यावर थरथरणारा फोन शेजारच्या वाटीला लागला आणि वाटी किणकिणली. दुपारचे दोन. चार वर्षांची माझी लेक भिंगरी नुकती झोपली होती, घर चिडीचूप होतं आणि मी कितीतरी दिवसांनी गरम चहा गरम असतानाच पीत होते.

फोनवर गेल्याच आठवड्यात कामावर आलेले मिस्त्रीकाका. आवाजात आनंद मावत नव्हता. चार वाजता मोठी माणसं बघायला येणार, जुन्या भिंतीला तर नुसती भोकं, बरं दिसतं का ते? म्हणून सकाळपासून राबून त्यांनी सगळी भोकं चुन्याने बुजवली होती.

"तुमच्या पोरीच्या गालासारखी केलीय भिंत, ताई."

मी कप खाली ठेवला. ती भोकं म्हणजे गोळ्यांच्या खुणा. मोजून एकतीस. युद्धसंग्रहालयाच्या त्या जुन्या दगडी इमारतीला मी काचेचं दालन जोडलं होतं, तेच मुळी त्या भिंतीसाठी. छतातली फट अशी बेतली होती की चारच्या तिरप्या उन्हात एकेक खूण सावलीने भरून दिसावी. भिंगरी रांगत होती तेव्हा काढलेला नकाशा तो. माजी सैनिकांची समिती आज दालन पसंत करणार, नाहीतर कायमचं कुलूप लावणार. समितीचे म्हातारे प्रमुख त्याला पहिल्या दिवसापासून 'काचेचा डबा' म्हणत होते.

आणि काकांना 'भिंत नीट करून ठेवा' असं सांगितलं होतं कुणी? मीच.

"काका, चुना वाळलाय?"

"ओला आहे अजून. का हो?"

मी भिंगरीला खांद्यावर टाकलं, चमच्यांचा अख्खा खण पिशवीत ओतला आणि टॅक्सी गाठली. छिन्नी लावली असती तर दगडाच्या कडा गेल्या असत्या.

काका आधी फुगले. तीस वर्षांत चांगलं काम उकरायला सांगणारी मीच पहिली, म्हणाले. मग त्यांनीच पिशवीतला सगळ्यात मोठा डाव उचलला. भिंगरी डोळे चोळत उठली आणि खालची रांग आइस्क्रीमच्या चमच्याने कोरायला बसली. थोड्या वेळात तिघांची नाकं पांढरी झाली. काकांना शिंक आली, तिला हसू फुटलं, मग मलाही, आणि ते काही केल्या आवरेना.

तेवढ्यात दारात प्रमुख उभे. अर्धा तास आधीच. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, बाह्या सरसावल्या आणि मोठा चमचा शिल्लक आहे का विचारलं.

तीस सापडल्या. एकतिसावी सापडेना, आणि नकाशा राहिला घरी. प्रमुख आजोबा कोपऱ्यात जाऊन सावकाश वाकले आणि कमरेएवढ्या उंचीवर बोट टेकवलं.

"ही इथे. मी हिच्याखालीच बसलो होतो."

ऊन आलं. एकतीस खुणा सावलीने भरल्या. आजोबा मला म्हणाले, "डबा ठीक आहे, पोरी. राहू दे." काकांनी चमच्यावर चमचा आपटून टाळी वाजवली. मला तर नाचावंसं वाटत होतं.

भिंगरी एकेका खुणेत बोट घालून बघत होती. या सगळ्या गोळ्या भिंतीलाच लागल्या ना, तिने विचारलं. मी हो म्हटलं.

"मग ज्या भिंतीला लागल्या नाहीत, त्या कुठे गेल्या?"