चार अक्षरांची नावं

आल्हादला हाताने काम करायचा भारी कंटाळा. ऑफिसात तो बॅच फायली, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या हुकुमांच्या याद्या, लिहून दोघांचं काम एकटा उरकायचा, आणि तोराही मिरवायचा. लॅपटॉप गच्च भरून अडून बसला, तेव्हा हजारो फायली एकेक करून पुसणं त्याला कमीपणाचं वाटलं.

फोनमधून उतरवलेलं सगळं रेकॉर्डिंग लॅपटॉपवर एकाच फोल्डरमध्ये पडलं होतं. बहुतेक फोनवरची बोलणी. ज्याचा फोन, त्याचं नाव फाइलला: विनय, दादा, मामा. जबलपुरात राहूनही नंबर मराठीतच सेव्ह करायचे, हा त्याचा हट्ट. त्याच ढिगात त्याच्या बायकोचा, दीपाचा आवाज होता. घशाच्या कॅन्सरमुळे तिचं स्वरयंत्र काढलं, त्याआधी तिने आठवडाभर फोनपुढे बसून बोलून घेतलं होतं. टायपिंगचा आळस, म्हणून तिने दिलेली नावं एवढीशी आणि इंग्रजी अक्षरांत: aho, utha, zop. ‘zop’, म्हणजे झोप, यात अंगाई होती. नागपूरला दिलेली त्यांची मुलगी प्रणाली नुकतीच बाळंत झाली होती, आणि तिला ती हवी होती.

आल्हादने हुकूम लिहिला: इंग्रजी नावं सोड, बाकीची पूस.

काळ्या पडद्यावर नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं धावायला लागली. शेजारी बसलेल्या दीपाने त्याचा दंड धरला.

"काहून घाबरून राहिली? मराठी येत नाही त्याले. आपल्या किराणावाल्यासारखंच आहे," तो हसला.

मग त्याने फोल्डर उघडला आणि त्याचं हसू मावळलं. यंत्र वेलांटीही वेगळं अक्षर धरतं, म्हणून त्याला ‘विनय’ म्हणजे चार प्रश्नचिन्हं, आणि पुसायच्या हुकुमात प्रश्नचिन्ह म्हणजे कुठलंही अक्षर. विनयला पुसता पुसता यंत्राने चार अक्षरांपर्यंतचं प्रत्येक नाव पुसलं होतं, दीपाची सगळीसुद्धा. प्रश्नचिन्हाचा हा धोका आल्हादला आधीपासून चांगला ठाऊक होता. ऑफिसातल्या नव्या पोरांना तोच शिकवायचा.

असं पुसलेलं कचरापेटीतही जात नाही. सराफा बाजाराजवळच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात विक्कीने बराच वेळ खटपट करून मान हलवली. "भैया, सब साफ हो गया. कॉपी नहीं रखी थी?"

ठेवायची राहून गेली होती.

संध्याकाळी प्रणालीचा फोन आला. मागे बाळ रडत होतं. "पप्पा, आईची अंगाई पाठवून राहिले न?"

दीपाने आल्हादच्या हातून फोन ओढून घेतला, कट केला आणि भराभर टाइप केलं: ‘मी आई. मीच पुसलं सगळं. मला तो आवाज ऐकवत नव्हता. पप्पांना काही बोलू नको.’

थोड्या वेळाने उत्तर आलं: ‘असं काहून केलं तू? माझा तरी विचार करायचा. आता बोलूच नको माझ्याशी.’

दीपाने ते वाचून फोन त्याच्या हातात दिला आणि ती कणीक मळायला गेली.

खरं सांगायला एक फोन पुरे होता. आल्हादला स्वतःची शरम वाटली, आणि त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. त्याने फोन केला नाही.