दुसरा ध्रुव

दुर्बिणीचा आरसा घासण्यात चष्मेवाल्याची दोन वर्षं गेली. दुकान बंद करून घरी आला की तो मागच्या अंगणात जायचा, पिंपावर काचेच्या दोन जाड चकत्या एकमेकींवर ठेवायचा, मधे खरखरीत पूड आणि पाणी घालायचा आणि पिंपाभोवती गोल गोल चालत घासत राहायचा. बायकोने पहिले सहा महिने चौकशी केली, मग नाद सोडला. सासूबाई त्यांच्याकडेच राहायच्या. त्यांनी चौकशीही केली नाही. जावई पीत नाही, एवढ्यावर त्या समाधानी होत्या.

दुर्बीण उभी राहिली तेव्हा आकाशप्रेमी मंडळाने शनिवारची बैठक त्याच्या अंगणात ठरवली. मंडळ म्हणजे तिघंच. अध्यक्ष गुरुजी, चाळीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेले. नोंदी ठेवणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाई. आणि चष्मेवाला, ज्याच्याकडे आजवर फक्त खुर्च्या मांडायचं काम असे. गुरुजींनी मान मागे टाकून तोंड उघडलं की डॉक्टरीणबाईंची नजर आपसूक त्यांच्या दाढांवर जायची, आणि त्यामुळे नोंदींमधले एकदोन तारे नेहमी राहून जायचे.

अंधार पडता पडता गुरुजींनी उत्तरेकडे बोट केलं. "तो पिवळट तारा कुठला?"

नकाशात तिथे काहीच नव्हतं. नकाशा उलटा धरून पाहिला, तरी नव्हतं. अर्ध्या तासात बाकीचे तारे आपापल्या जागेवरून सरकले, हा जागचा हलला नाही.

"न हलणारा तारा म्हणजे ध्रुव," गुरुजी हळूच म्हणाले. "आपल्याला दुसरा ध्रुव सापडलाय."

"पण गुरुजी, ध्रुव दोन असतील तर पृथ्वी फिरते कुठल्याभोवती?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

गुरुजींनी यावर बराच विचार केला. "आलटून पालटून," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं. तेवढ्यात तारा विझला, आणि मिनिटभराने पुन्हा लागला. गुरुजींचे डोळे पाणावले. ताऱ्याला कुणाचं नाव द्यायचं यावर चर्चा सुरू झाली, आणि चर्चा सुरू करणाऱ्याचंच द्यावं असा तिचा कल दिसू लागला.

सासूबाई दारात उभ्या होत्या. "तिथे पाण्याची टाकी आहे, जावईबापू."

"बाई, टाकी जमिनीवर असते," गुरुजी समजुतीच्या सुरात म्हणाले. "हा आकाशात आहे."

"उंच टाकी आहे," सासूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

चष्मेवाल्याच्या मनात पाल चुकचुकली. त्याने दुर्बीण तिकडे वळवली आणि स्क्रू फिरवत राहिला. आधी एक धूसर गोळा दिसला. मग त्या गोळ्याचा दिवा झाला, आणि दिव्याखाली कठडा, कठड्याला धरून एक माणूस. या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं, त्यामुळे माणूस डोक्यावर उभा होता. त्याच्याही डोळ्यांना छोटी दुर्बीण होती आणि ती थेट इकडे रोखलेली होती. चष्मेवाला बघतोय हे कळल्यावर त्याने हात हलवला.

"गुरुजी," चष्मेवाला म्हणाला, "तारा हात करतोय."

गुरुजींनी पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं, आणि खुर्चीत बसले.

पंधरा मिनिटांनी फाटकाशी सायकल थांबली. टाकीचा रखवालदार आला होता, काखेत जाडजूड वही. "तुम्ही बघितलंत, तेव्हा म्हटलं आता लपून राहण्यात अर्थ नाही," तो म्हणाला. "दिवा याच आठवड्यात बसवून घेतला. लिहिताना वही दिसत नव्हती."

"काय लिहिता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

रखवालदाराने चष्मेवाल्याकडे पाहिलं, जरासा लाजला. "यांना."

वहीत दोन वर्षांच्या संध्याकाळी होत्या. सात वाजून दहा, आला. सात बारा, फिरायला लागला. सात चाळीस, बायकोने चहा आणला. आठ, चहा तसाच. आठ पाच, चहात माशी. किती फेऱ्या झाल्या, कितव्या फेरीला थांबून कंबर दाबली, कुठल्या दिवशी ताप असूनही आला. एका पानावर फक्त एवढंच होतं : आज आला नाही. सगळं ठीक असो.

"पण मी काय करतोय असं वाटलं तुम्हाला?" चष्मेवाल्याने विचारलं.

"पहिल्या वर्षी वाटलं, ताट घासताय. बायकोशी भांडण झालं असेल, आणि ताट निघत नसेल. मग वाटलं, इतके दिवस कुठलंच ताट लागत नाही. तेव्हापासून नुसतंच लिहीत गेलो."

गुरुजींनी वही मांडीवर घेतली आणि पानामागून पान उलटत राहिले. "अंदाज साफ चुकलेला आहे," शेवटी ते म्हणाले, "पण नोंदी अशा आपल्या मंडळात कुणाच्या नाहीत." डॉक्टरीणबाईंनी आपली वही हळूच पिशवीत सरकवली.

मग रखवालदाराला शनी दाखवला. तो अकरा मिनिटं डोळा लावून होता. बाजूला झाला आणि त्याने उभ्या उभ्या लिहिलं : भोवती कडं आहे. कशासाठी, कळलं नाही. उद्या पुन्हा बघणे.

इतक्यात सासूबाई साडी घोट्याच्या वर धरून अंगणात आल्या. "रस्त्याने पाणी चाललंय," त्या म्हणाल्या.

रखवालदाराचा चेहरा पांढराफटक पडला. टाकी भरली की झडप बंद करणं हे त्याचं खरं काम. तो सायकलवर बसला, मागे चष्मेवाला, त्यामागे पळत डॉक्टरीणबाई, आणि सगळ्यांत शेवटी चपला हातात घेऊन गुरुजी. झडप चौघांनी मिळून फिरवली. भिजून सगळ्यांचा चिखल झाला होता. खालच्या गल्लीतले लोक खिडकीतून बघत होते, पण कुणी काही विचारलं नाही. चौघंही इतक्या गंभीरपणे उभी होती की लोकांना ते सरकारी काम वाटलं.

रखवालदाराला साहेबांनी समज दिली आणि गुरुजींनी मंडळाचं चिटणीसपद दिलं. दुसऱ्या ध्रुवाचा ठराव बहुमताने मागे घेण्यात आला. गुरुजी तटस्थ राहिले.

चष्मेवाल्याने पुढच्या महिन्यात नवा आरसा घासायला घेतला, पहिल्याहून मोठा. बायकोने विचारलं, एक आहे ना, दुसरा कशाला. त्याला नीट सांगता आलं नाही. पण घासायला जाण्याआधी तो आता केस विंचरतो, आणि पिंप त्याने वळचणीखालून काढून अंगणाच्या मधोमध आणलं आहे.