भुतांच्या गावाला निघालेला कोट

मित्रांनो, मी एक जुना लोकरी ओव्हरकोट. राहतो बंगळूरला, राजाजीनगरात. इथल्या हवेत मला अंगावर घालणारा माणूस एक तर वेडा असेल, नाहीतर तापाने फणफणलेला. तेव्हा माझं आयुष्य बरंचसं कपाटात गेलं, हे आधीच सांगून टाकतो.

मला शिवलं शिवाप्पा टेलरने, तीस वर्षांपूर्वी. दामोदर नावाच्या इंजिनिअरला कारखान्याने सहा महिने जर्मनीला पाठवलं, त्यांच्यासाठी. दामोदर मूळ बेळगावकडचे, उंच, रुंद खांद्यांचे. परत आल्यावर त्यांनी मला हँगरला लावलं आणि विसरले. मग त्यांच्या बायकोने, कस्तुराबाईंनी, मला कामाला लावलं. ओळखीतला कोणीही मराठी माणूस थंड देशाला निघाला की मला न्यायला यायचा. नियम एकच. परत आल्यावर कोट स्वतः आणून द्यायचा आणि चहाला बसून तिथलं सगळं सांगायचं. अशा चहावर कस्तुराबाईंनी लंडन पाहिलं, स्टॉकहोम पाहिलं. मी अकरा देश फिरलो. त्या म्हैसूरच्या पलीकडे गेल्या नाहीत.

लोक माझं फार कौतुक करायचे. कस्तुराबाईंचं कोणी केलेलं मला आठवत नाही.

पुढे हलकी, फुगीर जाकिटं घरबसल्या मिळायला लागली आणि मला कोणी विचारेना. डांबरगोळ्यांच्या वासात मी सात वर्षं लोंबकळलो. यंदा मार्चमध्ये दामोदर गेले. तेव्हा कपाट उघडलं, त्यांचे शर्ट वाटून टाकले. मी कोणाला नकोच होतो, म्हणून राहिलो.

ऑगस्टात पुतणी आली, शलाका. मारतहळ्ळीला राहते, आयटीत नोकरी, जिभेला हाड नाही.

"काकू, कोट मिळेल का? ऑक्टोबरच्या शेवटी प्रागला चाललेय, मग व्हिएन्ना. भुताटकीची शहरं म्हणतात त्यांना. हॅलोवीनला कंदील घेऊन बोळाबोळातून फिरवतात."

"भुतं दिसतात?"

"कसली दिसतायत. गोष्टी सांगतात, लोक घाबरतात, हसतात, मग कॉफी प्यायची."

"मेलेल्या माणसांबद्दल बोलताना हसतात?" कस्तुराबाईंनी विचारलं. मग माझी बाही चाचपत म्हणाल्या, "मी येऊ?"

शलाका म्हणाली, "माझी मैत्रीण गळलीच आहे. पण तुझा पासपोर्ट?"

"तुझ्या काकांनी काढून ठेवलाय. कोरा आहे."

मुलगा अभिजीत आला तो तोंड पाडूनच. यंदा हॅलोवीन नेमका नरक चतुर्दशीला येत होता. "आई, बाबा गेल्यानंतरची पहिली दिवाळी आहे."

तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो. घरातलं माणूस गेलं की पहिल्या दिवाळीला आकाशकंदील नाही, फराळ नाही. नातेवाईक दुखवट्याला येतात. बाईला मधे बसवतात आणि ती कधी रडते याची वाट बघतात. नाही रडली तर जिन्यातच तिच्याबद्दल बोलायला लागतात. याला रीत म्हणतात. मी याला छळ म्हणतो.

"बेळगावहून सगळे येणार," अभिजीत म्हणाला. "काय सांगू त्यांना? आई भुतं बघायला गेली?"

"खरं तेच सांग."

"आत्याला विचार मग."

आत्या म्हणजे दामोदरांची थोरली बहीण, गोजराबाई. घरात शेवटचा शब्द तिचा. वीस वर्षांपूर्वी तिचाही नवरा गेलेला. ती आली, खुर्चीवर पडलेल्या मला तिने नखशिखांत पाहिलं. "हा घालणार तू? बुडशील की यात."

"वन्सं, तुम्ही नको म्हणालात तर नाही जाणार," कस्तुराबाई म्हणाल्या.

माझ्या बटणांना घाम फुटला. ही बाई आयुष्यभर अशीच दुसऱ्याच्या होकाराला लटकत आली होती.

गोजराबाईने पाण्याचा घोट घेतला. "माझ्या पहिल्या दिवाळीला अठरा जणी आल्या होत्या रडायला. त्यांचा चहा कोणी केला?"

"तुम्हीच."

"त्या अठरांत तू पण होतीस."

"होते, वन्सं." कस्तुराबाईंनी मान खाली घातली.

"मग कळलं ना. जा तू. मी बसते इथे दारात. येतील त्यांना सांगते, आमची भावजय भुतांकडे गेलीय, तुमच्यापेक्षा भुतं बरी. आणि चहा अभिजीत करेल."

"आत्या, मी?"

"का, हात नाहीत तुला?"

दुसऱ्या दिवशी मला शिवाप्पाच्या टेबलावर पसरलं. म्हातारा झालाय तो आता, जाड भिंगांतून बघतो. "अक्का, एकदा कापला की मग दुसऱ्या कोणाला होणार नाही. स्वल्प विचार करा."

"तीस वर्षं दुसऱ्यांनाच होत होता," कस्तुराबाई म्हणाल्या. "कापा."

मी घाबरलो. दामोदरांच्या खांद्यांचं माप तेवढं माझ्यापाशी उरलं होतं, तेही फरशीवर चिंध्या होऊन पडत होतं. पण संध्याकाळी त्या आरशासमोर उभ्या राहिल्या आणि बाह्यांतून त्यांचे हात बाहेर आले. कामाने झिजलेले, छोटे हात. तेव्हा वाटलं, बरं झालं.

प्रागला साडेपाचलाच काळोख पडला. कंदील धरलेला गाईड एका अरुंद बोळाच्या तोंडाशी थांबला. शलाका मराठीत सांगत होती, "तो म्हणतोय, तीनशे वर्षं एक विधवा इथे येरझाऱ्या घालतेय. लोक तिला घाबरून वाट बदलतात."

"तीनशे वर्षं?" कस्तुराबाई म्हणाल्या. "आणि तिला एकानेही, बाई, तू कशी आहेस, असं विचारलं नाही?"

शलाकाने ते इंग्रजीत सांगितलं. सगळे हसले आणि मग हसता हसता थांबले. गाईड म्हणाला, हे मला आजवर कोणी विचारलेलं नाही.

कस्तुराबाई बोळातल्या अंधाराकडे वळल्या. "चल गं बाई. पुढे कॉफी प्यायला चाललोय, तू पण चल." आणि भिंतीपासून सरकून त्यांनी एका माणसापुरती जागा केली.

चालता चालता त्या रडल्या. माझी कॉलर ओली झाली म्हणून मला कळलं. दामोदर गेल्यापासूनचं ते पहिलं रडणं, आणि ते बघायला कोणी गोल करून बसलं नव्हतं. पुढच्या वळणावर त्या स्वतःच शलाकाला म्हणाल्या, "त्याला विचार, आणखी कुठे आहेत भुतं? उद्या काय बघायचं?"

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं आमच्यासारख्यांनी शेवटी सांगायचं असतं. मला त्याची गरज नाही, या प्रवासात मी रोज अंगावर आहे. तुमच्या घरातल्या बाईकडे बघा. तिला एकदा विचारा, तुला कुठे जायचंय? आणि तिने गावाचं नाव घेतलं की हसू नका, तिकीट बघा.