ईस्टपोर्टचं घड्याळ

दांडा बुडाला होता.

सकाळी सातला ओहोटीत उघड्या पडलेल्या या दांड्याच्या ज्या वाळूगोट्यांवरून ते पाचजण कोरड्या पायांनी बेटावर आले, तिथे आता करड्या पाण्याचा रुंद पट्टा होता. पलीकडच्या किनाऱ्यावर डीलियाची व्हॅन उभी होती. सगळ्यांत शहाणी ती व्हॅनच म्हणायची, अलीकडे आली नव्हती.

"गुडघाभरच असेल की," एव्हरेट पँट वर दुमडत म्हणाला.

"इथे गुडघाभर," डीलिया म्हणाली. "मधोमध कमरेच्या वर. आणि ओढ अशी, की तुला थेट ईस्टपोर्टच्या धक्क्याला नेऊन लावील. तेही फुकटात."

एव्हरेटने पँट खाली सोडली. डीलिया साठीची, इथल्या मूळच्या पॅसामाक्वॉडी जमातीची. खाडीच्या दोन्ही काठांवर लोकांना फिरवून आणण्यात तिची तीस वर्षं गेली होती. बायकोलाही 'चल' म्हणून मागे लागत, खास आईच्या ब्याऐंशीव्या वाढदिवसासाठी म्हणून एव्हरेटने ही सहल ओहायोत बसून ठरवली होती. बायको आली नाही. मुलगी हॅटी आली.

"मग आता किती वेळ?" त्याच्या बहिणीने, लोरेनने विचारलं.

"सहाला वर येईल दांडा."

"संध्याकाळी सहा?"

"नाही, पुढच्या वर्षी. अगं बाई, संध्याकाळीच."

साडेसहा तास! लोरेनने कोटाच्या खिशात हात घातला. पत्र होतं. आठवडाभर ते त्याच खिशात होतं, घडीवर फाटायला आलेलं. बाहेरच्या समुद्रात एका बेटावर पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्यांचं ठाणं होतं. तिथल्या दहा माणसांना रांधून घालायचं, वर्षभराचं काम, एक जूनपासून. अर्ज तिने मार्चमध्येच, कुणाला न सांगता केला होता. होकार सोमवारपर्यंत हवा होता. आज शनिवार. उद्या सकाळी एव्हरेट विमानाने परत जाणार आणि तो गेला की आईजवळ लोरेन एकटी, म्हणजे विषय संपला. बोलायचं तर आजच.

तिने जागाही हेरून ठेवली होती. परतताना, व्हॅनमध्ये. तिथे सगळे पुढे तोंड करून बसतात, कुणाला कुणाचा चेहरा दिसत नाही. घर आलं की बोलायचं आणि दार उघडून उतरायचं. चोपन्न वर्षांच्या बाईचा हा एवढा शूर बेत होता. आणि आता ती व्हॅन पाण्यापलीकडे उभी.

"चूक माझी," ती म्हणाली. "मी आईच्या घड्याळात बघत होते."

यावर कुणाला काही विचारायची गरज पडली नाही. खाडीच्या पाण्यातून दोन देशांची सरहद्द जाते आणि तिच्याबरोबर वेळही बदलते. आई आणि लोरेन राहतात त्या ईस्टपोर्टला दहा वाजतात तेव्हा या काठावर अकरा झालेले असतात. फोनचं तर सकाळपासून काही खरं नव्हतं. उंचवट्यावर गेलं की त्याला पलीकडचा मनोरा दिसायचा नि तो एक तास गिळायचा, खाली उतरलं की ओकायचा. लोरेनने वैतागून तो बंद करून टाकला होता. डीलिया एव्हरेटला आणि हॅटीला गरुडाचं घरटं दाखवायला पलीकडच्या टोकाला घेऊन गेली, तेव्हा बजावून गेली होती, "अकराला दांड्यावर या. माझी वाट बघू नका." लोरेन आणि आई मासे धुरवायच्या जुन्या शेडपाशी बसल्या. आईच्या मनगटावर सव्वादहा वाजले होते. भरपूर वेळ होता. मग दांड्यावर वाट बघून थकलेली डीलिया धापा टाकत शेडपाशी आली. तिच्या घड्याळात सव्वाअकरा वाजून गेले होते.

"आजी, तू घड्याळ पुढे केलं नाहीस?" हॅटीने विचारलं. एकोणीस वर्षांची पोरगी, बोलताना कुणाची भीडभाड ठेवत नसे.

"मी कशाला करू?" युनिस काठीवर रेलत म्हणाली. "मी या वेळेत जन्मले, याच वेळेत जाणार. त्यांना हवं तर त्यांनी करावं मागे."

"या काठावर आमची माणसं होती आणि त्या काठावरही," डीलिया म्हणाली. "कुणीतरी मधे रेघ ओढली, आणि माझी मावशी एका तासाने म्हातारी झाली."

युनिस खळखळून हसली. ती एकटीच.

मग धुकं आलं. खाडीचं धुकं येतं तसं, काही न सांगता. आधी व्हॅन गेली, मग पलीकडचा किनारा, मग पाणी. डीलियाने वायरलेसवर बंदरात बोलून घेतलं. तिकडून एक पेंगुळलेला आवाज म्हणाला की कुणाला लागलंय का, नाही ना, मग बसा गप. असल्या धुक्यात कोरड्या माणसांसाठी बोट कोण काढणार?

सगळे परत शेडकडे चालू लागले. मघाशी दांड्याकडे उतरताना युनिस बुटाची नाडी बांधायला दोनदा थांबली होती. चढताना एकदाही थांबली नाही.

शेडमध्ये एक पत्र्याची शेगडी, दोन बाकं आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या हेरिंग माशांचा वास. वास अजून ताजा होता. डीलियाने शेगडी पेटवली, काकवी घातलेल्या पावाचे जाड तुकडे केले आणि डल्सची पिशवी उघडली. डल्स म्हणजे या किनाऱ्यावरचं जांभळं, खारट, वाळवलेलं शेवाळ. हॅटीने एक पान चघळलं आणि तोंड वाकडं केलं.

"बुटाची जीभ चावल्यासारखं लागतंय."

"चावत राहा," युनिस म्हणाली. "तिसऱ्या घासाला बूट संपतो."

लोरेन दाराशी जाऊन उभी राहिली. बाहेर पांढरं, आत ही माणसं. घरी असं काही झालं की ती स्वयंपाकघरात जाते. आई काही बोलली की भांडी, एव्हरेटचा फोन आला की ओव्हन. गेली नऊ वर्षं त्या घरातली कढई न् कढई चकचकीत होती, त्याचं कारण एवढंच. इथे घासायला साधा चमचासुद्धा नव्हता.

"खरं सांगू?" एव्हरेट पाय पसरून बसला. पोट भरलं की त्याला प्रेम सुचायचं. "असं एकत्र बसणं होतच नाही आपलं. आणि लोरी, हे मी कधी बोललो नाही, पण तू आईजवळ आहेस म्हणून मी तिकडे निवांत झोपतो."

लोरेनने खिशातलं पत्र मुठीत धरलं. बोल आता, तिने स्वतःला म्हटलं. बोल. आणि तोंडातून निघालं काय तर, "कुणाला अजून पाव हवाय का?"

हॅटीने तिच्याकडे पाहिलं. आईने पाहिलं नाही.

एक तास गेला. मग दुसरा. एव्हरेटने बाकावर डुलकी काढली. हॅटीने चाकूने बाकावर आपलं नाव कोरलं, मग ते नको वाटून खोडलं. लोरेन तीनदा लघवीला जाऊन आली. तिसऱ्यांदा नुसती धुक्यात उभी राहिली. दहा पावलांपलीकडे काही दिसत नव्हतं आणि पाण्याचा आवाज चारही बाजूंनी येत होता. खाटीकखान्यात मेंढरू गप्प का उभं राहतं, ते तिला तेव्हा उमगलं. परत आत जाण्याखेरीज गत्यंतर नव्हतं.

ती आत आली तेव्हा डीलिया शेगडीत लाकूड सारत युनिसशी बोलत होती. "तुम्ही कुठल्या कारखान्यात होतात?"

"धक्क्यावरच्या. सार्डिनच्या. चौदाव्या वर्षी हातात कात्री आली, ती छत्तीस वर्षं सुटली नाही. मुंडकं, शेपूट, डब्यात. मुंडकं, शेपूट, डब्यात." युनिसने हवेत दोन बोटं चालवली. बोटं अजून कात्रीसारखीच चालत होती.

"घड्याळ असायचं कारखान्यात?"

"घड्याळ कशाला हवं? बोटी भरतीबरोबर यायच्या. भोंगा वाजला की निघायचं, पहाटे चार असो नाहीतर पोराचं बारसं असो. आम्ही पाण्याकडे बघूनच चूल विझवायचो. भोंगा आमच्यानंतर वाजायचा."

"हो ना," डीलिया म्हणाली. तिने शेगडीचं दार लावलं आणि हात झटकले. "ओहायोचे लोक मी या दांड्यावर अडकलेले पाहिलेत. टोरोंटोचा एक वकील पाहिला, बुटांसकट. पण कारखान्यातली बाई भरती चुकली, असं तीस वर्षांत पाहिलं नाही. आणि तुम्ही बसला होतात तिथून दांडा सरळ समोर दिसतो, युनिसबाई."

शेगडीत लाकूड तडतडलं. एव्हरेट जागा झाला.

"आई?" लोरेन म्हणाली.

युनिसने डल्सचं पान तोंडात टाकलं आणि ते पुरतं चावून घेतलं.

"दहालाच पाणी दोन्हीकडून चढायला लागलं होतं," ती म्हणाली. "तू माझ्याकडे तोंड करून बसली होतीस नि तुझी पाठ दांड्याला. मनगट बघितलंस माझं. मी काय करू, तुला दुसरीकडे बघायचंच नव्हतं."

"तू मुद्दाम..."

"मार्चपासून तुझ्या घशात काहीतरी अडकलंय. काटा अडकल्यासारखी फिरतेस. मी तोंड उघडलं की तू कढई घासायला जातेस. माझ्या नवऱ्याची ती कढई, तळ दिसायला लागलाय तिचा. म्हटलं, इथे कुठे जाशील?" तिने काठीचं टोक जमिनीवर टेकवलं. "बोल."

"आई, अगं आपण सहा तास अडकलोय इथे!" एव्हरेट उठून उभा राहिला. "शनिवार असला म्हणून काय, माझी एक मीटिंग होती तीनला."

"तू बस खाली. तुला कुणी विचारलेलं नाही अजून."

तो बसला. पन्नाशीचा माणूस, पण बसला.

लोरेनला राग आला. तो बरोबर त्या जागी पोचला जिथे आठवडाभर शब्द अडकले होते. "मी चाललेय," ती म्हणाली. "एक जूनला. पक्ष्यांच्या ठाण्यावर, स्वयंपाकाला. वर्षभरासाठी. सोमवारी कळवायचंय आणि मी हो म्हणणारेय."

तिने पत्र काढून बाकावर ठेवलं. कुणी उचललं नाही.

"बेटावर?" हॅटीने विचारलं.

"हो."

"म्हणजे बेटावरून सुटायचं ते बेटावर जायला!" हॅटी हसली आणि तिने आत्याचा हात दाबला. "भारी आहेस आत्या."

युनिस हसली नाही. ती स्वतःच्या पायांकडे बघत होती. हे तिनेच मागून घेतलं होतं, पण मागून घेतलेलं पचतंच असं थोडंच आहे? मग ती म्हणाली, "मला वाटलं होतं, बाप्या असेल."

"बाप्या?"

"बाप्या असता तर घरात आणता आला असता."

हे एवढ्या गंभीरपणे म्हटलं गेलं की डीलियाला तोंड शेगडीकडे वळवावं लागलं.

"मग माझे पायमोजे?" युनिस म्हणाली. या वेळी आवाज म्हातारा निघाला. तिच्या पायांना सूज होती. डॉक्टरांनी दिलेले ते घट्ट मोजे रोज सकाळी चढवायचे, संध्याकाळी उतरवायचे. नऊ वर्षं लोरेन जमिनीवर बसून तेच करत आली होती.

लोरेनचे डोळे भरले. ती 'बघू' म्हणणार होती. 'बघू' हा शब्द जिभेवर आलाही होता, आणि तो एकदा सुटला असता तर पत्र परत खिशात गेलं असतं.

त्याच वेळी एव्हरेटने हॅटीकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मग घसा खाकरला. "हॅटी, तू कॉलेजला एक वर्ष सुट्टी घ्यायची म्हणत होतीस ना..."

"नाही." लोरेन आणि युनिस दोघी एकदमच म्हणाल्या.

"मी फक्त..."

"माझ्या सासूचे पाय मी चेपले, माझे लोरी चेपते," युनिस म्हणाली. "आता त्या पोरीकडे बघायचं नाही. तुझ्याच अंगाला दोन हात आहेत ना?"

"आई, मी ओहायोत असतो!"

"बाबा, तुम्हीच म्हणता की लॅपटॉप असला की तुम्ही कुठूनही काम करू शकता," हॅटी म्हणाली. "मागच्या वर्षी तुम्ही मासे पकडायला गेला होतात तिथूनही केलंत."

एव्हरेटने डीलियाकडे पाहिलं, जणू वाट दाखवणाऱ्या बाईकडे यातूनही एखादी वाट असेल. डीलिया म्हणाली, "दांडा सहाला. त्याआधी कुणालाच जाता येत नाही."

युनिसने काठी बाकाला टेकवून ठेवली. एकेक करून बूट काढले. सकाळपासूनच्या ओलीने मोजे घोट्यापाशी गोळा झाले होते. तिने ते ओढून काढले नि उजवा पाय सरळ एव्हरेटच्या मांडीवर ठेवला. पाय पांढरा होता, निळ्या शिरांनी भरलेला. मोज्याचे वळ उठलेले.

"बघ तर खरं," ती म्हणाली. "येतं का."

एव्हरेट त्या पायाकडे बघत राहिला. आईचा पाय त्याने किती वर्षांत पाहिला नसावा, कोण जाणे. मग तो बाकावरून उतरला, जमिनीवर गुडघे टेकले आणि मोजा हातात घेतला. त्याला पुढचं मागचं कळेना.

"टाच कुठेय याची?"

"तीच तर शोधायची असते. आधी आत हात घालून उलटा कर. उलटा. अरे, सशाचं कातडं काढतोस का? हळू!"

"दुखलं?"

"दुखणारच. रोज दुखतं. लोरी कधी विचारत नाही, म्हणून पटकन होतं."

मोजा बोटांवर चढला आणि टाचेपाशी अडकला. एव्हरेटने ओढलं, तो वाकडा झाला. त्याने उतरवून पुन्हा चढवला, पुन्हा वाकडा. कपाळावर घाम आला. हे काम नुसत्या जोराचं नव्हतं. अंगठा आत सरकवून टाचेवरून वळवावा लागतो, एका दमात. लोरेनला ते झोपेतही आलं असतं. तिचे अंगठे आपोआप वाकले. अर्ध्या मिनिटाचं काम.

"लोरी," एव्हरेट मान वर न करता म्हणाला, "जरा दाखव ना."

युनिसही तिच्याकडे बघत होती. नऊ वर्षं जी नजर सकाळी पलंगाच्या कडेवरून लोरेनकडे लागायची, तीच ही.

लोरेन बाकावर बसली. तिने दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर घट्ट बसून राहिली.

"अंगठा आत घाल," ती म्हणाली. "दोन्ही. आता टाचेवरून फिरव. नाही, परत कर."