हिरव्या पेटीवर जळणारा पिंजरा

मी एक जुना, तारेचा, उंदीर पकडायचा पिंजरा आहे. एका मोठ्या बागेतल्या अवजारांच्या खोलीत, खिडकीजवळच्या फळीवर माझा मुक्काम असतो. मित्रांनो, सगळे खरे सांगायचे ठरवले आहे, म्हणून आधीच कबूल करतो. माझा स्वभाव फार मत्सरी आहे.

माझा जन्म एका पत्रेवाल्याच्या दुकानात झाला. त्याने तारा कापल्या, एकेक गाठ पकडीने आवळली, दार दहा वेळा पाडून पाहिले आणि म्हणाला, "हा चुकायचा नाही." जन्मल्या जन्मल्या कौतुक कानावर पडले. ते डोक्यात गेले ते गेलेच.

मला बागेच्या माळ्याने आणले. सगळे त्यांना माळीमामा म्हणत. त्या वेळी बागेत उंदरांनी नुसता उच्छाद मांडला होता. कुंपणाच्या कडेने बिळे, कुरतडलेले गुलाब, बाकांखाली लेंड्या. मामा संध्याकाळी ब्रेडचा तुकडा लावून मला झुडपात ठेवत आणि सकाळी उचलत. फिरायला आलेली माणसे थांबून विचारत, "मामा, आज किती?" मामा मला उंच धरून दाखवत. लोक नाक मुरडत, पण बघत मात्र माझ्याकडेच. पकडलेले उंदीर पालिकेची गाडी घेऊन जाई, मला धुऊन उन्हात ठेवले जाई आणि संध्याकाळी मी पुन्हा झुडपात.

अशी सहा वर्षे गेली. उंदीर होते तेवढेच राहिले. ते कोणाच्या लक्षात आले नाही, माझ्या तर नाहीच नाही.

मग उद्यान खात्यातून एक नव्या बाई आल्या. तीन दिवस त्या वही घेऊन बाकावर बसून होत्या. चौथ्या दिवशी मामांना म्हणाल्या, "तुमचा पिंजरा चांगला आहे, मामा. पण तुम्ही एक धरता, तोवर बिळात आठ जन्मतात. त्यांना जेवायला कोण घालतं, ते बघा." आणि त्यांनी कचऱ्याच्या टोपल्यांकडे बोट दाखवले. चारही टोपल्या उघड्या होत्या. उष्टे-खरकटे बाहेर सांडले होते.

त्या जागी झाकणाच्या चार हिरव्या पेट्या आल्या. त्यातली एक नेमकी माझ्या खिडकीसमोर बसवली. खालची पट्टी पायाने दाबली की झाकण उघडे, पाय काढला की धप्पकन मिटे. बिळांत खडी भरून वर जाळी ठोकली. दोन महिन्यांत उंदीर दिसेनासे झाले. मी रोज सकाळी रिकामा निघू लागलो आणि शेवटी फळीवर गेलो.

मित्रांनो, तिथून मला काय काय पाहावे लागले म्हणून सांगू? मुलांनी त्या पेटीवर रंगाने डोळे काढले, हसरे तोंड काढले. येणारा-जाणारा म्हणे, "काय सुधारली हो बाग, या पेट्यांनी!" या पेटीने आयुष्यात एक उंदीर पकडला नव्हता. उंदराची शेपटीसुद्धा नाही. नुसती तोंड मिटून उभी राहायची आणि शाबासकी घ्यायची. माझ्या अंगाचा तिळपापड होई. हिचे काहीतरी बिघडू दे, असे मी दिवसातून कितीदा तरी मनात म्हणत असे.

आणि एक दिवस खरेच बिघडले. पट्टीला झाकणाशी जोडणारी कडी तुटली. हात लावायला नको म्हणून कोणीतरी झाकणाच्या फटीत वीट अडकवून ठेवली. मामांनी पाहिले, म्हणाले, "उद्या बघतो." सुट्टीचे दिवस होते. बागेत वाढदिवस होत होते, केकचे डबे पेटीतून ओसंडून वाहत होते. उद्या काही उगवेना. मला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

पंधरा दिवसांत मला फळीवरून उतरवले गेले. पहिल्याच सकाळी माझ्यात तीन उंदीर होते. मामांनी मला उंच धरले. "जुनं ते जुनंच," कोणीतरी म्हणाले. मी पेटीकडे तोऱ्यात पाहिले.

त्याच दिवशी दुपारी मामांची मुलगी त्यांचा डबा घेऊन आली. बरोबर तिची चार वर्षांची छोटी होती. सगळे तिला चिमी म्हणत. चिमी पेटीमागच्या वाळूत खड्डा खणत बसली. वाळूखाली नवे बीळ झाले होते. तिने हात आत घातला आणि किंचाळली. उंदीर तिच्या अंगठ्याला चावला होता. मामांनी जखम नळाखाली धरली. आई तिला उचलून दवाखान्यात धावली.

संध्याकाळी मायलेकी परत आल्या. चिमीचा अंगठा पट्टीत गुंडाळलेला होता आणि इंजेक्शनाने दंड सुजला होता. मामा खोलीत मला मांडीवर घेऊन बसले होते.

"सकाळी तीन मिळाले होते गं," ते म्हणाले. "मी सगळ्यांना दाखवत फिरलो."

मुलगी शांतपणे म्हणाली, "बाबा, तुम्ही उंदीर मोजत बसलात. झाकण कोणी बघितलं?"

बोलणे त्यांना होते, पण माझ्याही तारांतून आरपार गेले. मीच तर पंधरा दिवस ते उघडे झाकण पाहून खूश होत होतो.

मामा उठले. बाहेर जाऊन त्यांनी वीट काढून फेकली. तुटलेल्या कडीच्या जागी घालायला तसलाच जाड तुकडा हवा होता. त्यांनी इकडे तिकडे पाहिले, मग माझ्या पोटातला, आमिष अडकवायचा आकडा पकडीने उपसून काढला, वाकवला आणि पट्टीला जोडला. झाकण उघडले. धप्पकन मिटले. ते बीळही त्यांनी अंधार पडायच्या आत बुजवले.

आकड्याशिवाय मी काही कामाचा नाही. आता माझ्यात मामा सुतळीचे गुंडे ठेवतात. चिमी बरी झाली. ती आली की दोन्ही पाय पट्टीवर ठेवून उभी राहते आणि पेटीत केळ्याचे साल टाकते. तिची आई म्हणते, "शहाणी गं माझी." पेटी हसत असते, आणि मी अजूनही जळतो. स्वभाव जात नाही.

पण मित्रांनो, एक विनंती ऐका. खाऊन झाल्यावर उरलेले झुडपात भिरकावू नका. पेटीचे झाकण उघडे दिसले तर मिटा, मोडले असेल तर त्याच दिवशी मोठ्यांना सांगा. मला जळत बसू द्या, तेवढे मला सोसते. पण मला पुन्हा कामाला लावू नका.