आठ म्हणजे सात

खुर्च्या चोवीस, सहा-सहाच्या चार रांगा. लिंबाच्या वड्या तीस. कॉफीचे कागदी पेले चाळीस. अँटेनाची वायर जोडलेला एक टीव्ही. आणि झाकणाला चीर पाडलेला कॉफीचा रिकामा डबा. त्यात एकच चिठ्ठी.

"ही कोणाची?" मी विचारलं.

"माझीच. बाकीचे आले की टाकतील," व्हर्लिन म्हणाले.

व्हर्लिन टॉर्गर्सन डुलुथमधल्या शाळांचे बॉयलर दुरुस्त करतात. वय एकसष्ट, एकटे राहतात. दर डिसेंबरात एका संध्याकाळी ते आमच्या वाचनालयाच्या तळघरातला हॉल मागून घेतात. त्या दिवशी टीव्हीवर दोन सुपरहिरो मालिकांचा एकत्र भाग लागतो. लाटा अडवणारा ब्रेकवॉटर आणि सुतानं गुंडांना बांधणारी लूम एरवी वेगळ्या वारी, वेगळ्या शहरांत लढतात. तेवढ्या तासापुरते भेटतात. चाहते जमतात, काय व्हावंसं वाटतं ते चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकतात आणि भाग संपला की चिठ्ठ्या वाचून वाद घालतात. व्हर्लिनची चिठ्ठी नऊ वर्षं एकच, सगळ्यांना पाठ: 'दोघांनी एकदा नुसतं बसून काहीतरी खावं.'

"दरवर्षी काय करतात? आधी गैरसमजातून एकमेकांना बडवतात, मग जग वाचवतात, मग चालले आपापल्या गावी," ते खुर्ची सरळ करत म्हणाले. "अरे, एवढ्या लांबून माणूस आलाय. जेवलास का म्हणून तरी विचारा."

यंदा वाचनालयाचा नियम नवा होता. दहापेक्षा कमी माणसं आली, तर पुढच्या वर्षापासून हॉल नाही. अर्जातल्या वेळेनंतर अर्ध्या तासानं डोकी मोजायची, आणि ते काम माझं.

सात वाजले. अ‍ॅल्विन आला, पण तो रोजच ऊब शोधत कुठल्या ना कुठल्या हॉलात येतो. शेवटच्या रांगेत बसला, बूट काढले आणि झोपला. मालिकेचं संगीत सुरू झालं. व्हर्लिन दाराकडे बघत होते.

"बर्फ फार पडलंय," मी म्हटलं.

"डुलुथला बर्फाचं कसलं कौतुक? येतील."

मी वर माझ्या टेबलाशी गेले. साडेसातला कागद घेऊन उतरले, तेव्हा पडद्यावर दोघं एका इमारतीच्या जिन्यात बसली होती. मुखवटे नाकापर्यंत वर सरकवलेले, मध्ये नूडल्सचा एक डबा आणि दोन काटे. व्हर्लिन खुर्चीतून अर्धवट उठले होते. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मग मागे वळून मला पाहिलं.

"खातायत," ते हळूच म्हणाले.

मी मान हलवली. मला त्या दोघांतलं फारसं काही कळत नाही, आणि ते त्यांनाही माहीत होतं.

आठला पाच कमी असताना दार धाडकन उघडलं. लोरेटा आत आली. जाड कोटावर ब्रेकवॉटरचा निळा झगा, हातात वाफाळता ट्रे. तिच्यामागे आणखी अकरा जण बूट आपटत बर्फ झटकत होते.

"पाच मिनिटं आधी आलोय, नोंद घ्या," ती म्हणाली. मग तिनं पडद्यावरची नावं सरकताना पाहिली. "हे काय?"

दारावरच्या पोस्टरवर ठळक लिहिलं होतं: आठ वाजता. पोस्टर दरवर्षी त्यांच्यातलीच मार्लिस काढायची. ती वसंतात मुलीकडे अ‍ॅरिझोनाला गेली. यंदा व्हर्लिननी मासिकातली जाहिरात कापून चिकटवली, आणि जाहिरातीतली वेळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची असते. त्यांच्या आठला आमच्याकडे सात वाजतात हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. अर्जात व्हर्लिननी सातच लिहिले होते. पोस्टरवरचा आठ तसाच राहिला; आणि पोस्टरवरची वेळ आजवर चुकली नव्हती, म्हणून कोणी दुसरीकडे पाहिलंच नाही.

"चूक माझी," व्हर्लिन म्हणाले.

"तू बघितलास?" लोरेटानं विचारलं.

"बघितला. आणि काय झालं माहितीय—"

"एक शब्द बोलू नकोस!" तिनं ट्रे खाली ठेवून कान झाकले. "घरी आपोआप रेकॉर्डिंग होतं माझं."

"माझंही," मागून दोघं-तिघं म्हणाले.

"फक्त एवढंच सांगतो, की—"

"व्हर्लिन, तुझ्या तोंडावर दिसतंय सगळं. भिंतीकडे बघ बरं."

सगळे हसले. व्हर्लिनही हसले आणि खरंच भिंतीकडे वळले. लोकांनी दोन-दोन वड्या उचलल्या, त्यांच्या पाठीवर थोपटलं आणि घाईनं गाड्यांकडे गेले. लोरेटानं ट्रेसुद्धा परत नेला. गार झाला असता.

"बारा जण आले होते," मी म्हटलं. "तुम्ही धरून तेरा. मी तेरा लिहिते."

"अर्ज कितीचा होता?"

"सातचा."

"मग साडेसातला होते तेवढेच लिही."

"तुम्ही आणि अ‍ॅल्विन. दोन."

व्हर्लिननी शेवटच्या रांगेकडे पाहिलं. "त्यानं डोळे कुठे उघडले? त्याला धरू नकोस, पोरी. उद्या कोणी विचारलं काय लागलं होतं, तर बिचारा काय सांगेल?"

ते खुर्च्या मिटायला लागले. मी कागद भरला.

वेळ : ७.३०. उपस्थिती : १.