डाव्या कुशीचा लोड

मित्रांनो, काशीतले मोठमोठे शास्त्रार्थ ज्याच्या बळावर उभे राहिले, दिग्गज पंडितांनीही ज्याच्यावर पाठ टेकली, तो विद्येचा आधारस्तंभ म्हणजे मी. मी एक जुना लोड आहे.

माझ्या पोटात सावरीचा कापूस आहे आणि दोन्ही टोकांना गोंडे होते. आता एकच आहे. राजा घाटाजवळच्या दत्तात्रेयशास्त्र्यांच्या बैठकीत माझी उमेदीची वर्षं गेली. ज्याचा मुद्दा लंगडा असे, तो मला जास्त जोराने बडवी. त्यामुळे कुणाची विद्वत्ता किती खोल, हे शास्त्रीबुवांच्या आधी मला कळे. शास्त्रीबुवा गेले, शिष्य पांगले, बैठकीत सोफा आला आणि मी कपाटाच्या डोक्यावर गेलो. शेजारी एक फुटका कंदील होता. तोही बोलत नसे.

मग घरात सून आली. मधुरा, साताऱ्याची. तिचा नवरा निनाद रेल्वेत, सदा दौऱ्यावर. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण सातव्या महिन्यात तिचं ब्लडप्रेशर चढलं आणि डॉक्टरीणबाईंनी प्रवास बंद केला. गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, "डाव्या कुशीवर पडा, सावकाश श्वास सोडा, अंग सैल सोडा. पुढच्या तपासणीत प्रेशर उतरलं नाही तर भरती व्हावं लागेल."

हे ऐकून सासूबाई, म्हणजे शास्त्रीबुवांच्या पत्नी शरदिनीबाई, कंबर कसून उभ्या राहिल्या. "त्यात काय मुश्किल? या घरात अनुष्ठानं कमी झालीत का?"

झालं! विश्रांतीचं अनुष्ठान सुरू झालं. पूर्वेकडे तोंड, पाटावर ताठ बसायचं, आचमन, संकल्प आणि मग माळेवर श्वास मोजायचे. मोजणी चुकली की पहिल्यापासून. "मधुरा, श्वास मोडला! पुन्हा घे! अर्धा श्वास देवाला चालत नाही!" खिडकी बंद, कारण गल्लीतून अंत्ययात्रा जातात आणि गर्भारणीच्या कानी 'राम नाम सत्य है' पडायला नको. मधुराचे खांदे कानांना लागलेले. "शांत हो, म्हणते ना मी, शांत हो!" असं बाई ओरडल्या की अंगणातली कबुतरं उडत.

प्रेशरच्या यंत्रावरचा आकडा रोज थोडा वर. "विधीत कुठेतरी उणीव राहतेय," असं म्हणून बाई एक माळ वाढवत.

निनादचा फोन येई. "टेन्शन नको घेऊस, बस." माहेरहून आईचा फोन आला की मधुरा सांगे, "सगळं छान आहे." फोन बंद झाल्यावरही तो कानाशीच धरून बसे. हे मी वरून पाहत असे. एकटं पडलेलं माणूस ओळखायला मला वेळ लागत नाही. माझा त्यात अभ्यास आहे.

एका दुपारी पाठ फार भरून आली तेव्हा तिने कपडे वाळत घालायच्या काठीने माझा गोंडा ओढला. मी धूळ घेऊन खाली आलो. तिला शिंक आली. माझ्यामुळे कुणाला काही तरी होण्याची कित्येक वर्षांतली ती पहिलीच वेळ.

तिने मला धुतलेली खोळ घातली, दुसऱ्या खोलीत खाटेवर डाव्या कुशीवर झाली आणि मला गुडघ्यांमध्ये घेतलं. पायाची बोटं आवळली, सोडली. मग पोटऱ्या, मुठी, खांदे. शेवटी जबडा सोडला. दातांवर दात धरून ठेवले होते हे तिला तेव्हाच कळलं असावं, कारण ती रडू लागली. पुरतं रडून झाल्यावर श्वास लांबला आणि तिचा डोळा लागला.

शरदिनीबाई माळ घेऊन आल्या. "हे काय? अनुष्ठान टाकून झोपलीस?"

मधुरा दचकून जागी झाली, पण उठली नाही. "आई, मला मोजायची भीती वाटते. चुकलं की वाटतं, बाळालाच काहीतरी होईल. मला नुसतं पडू द्या ना हो."

बाई काही बोलणार होत्या. तेवढ्यात त्यांना मी दिसलो. शास्त्रीबुवांच्या पाठीने माझ्यात पडलेला खड्डा अजून बुजलेला नाही. त्यावर त्यांनी हात ठेवला.

"हा ह्यांचा," त्या म्हणाल्या. मग खाटेच्या कडेला टेकत, "निनादच्या वेळी मलाही असंच ताठ बसवायचे. वाटायचं, कुणी एकदा तरी म्हणावं, पड जरा." त्यांनी माळ बाजूला ठेवली. "सरक थोडी. पडून काय करायचं असतं?"

"पायाची बोटं आवळायची आणि सोडायची."

"सोडताना काय म्हणायचं?"

"काही नाही."

"काहीच नाही?" हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत कडक नियम होता. पण त्यांनी पाळला. खिडकीही उघडली.

पुढच्या तपासणीत प्रेशर उतरलं होतं. भरती टळली. गोळ्यांचाही त्यात वाटा होता. सगळं श्रेय लाटायची सवय विद्वानांची, लोडाची नव्हे.

बकुळ झाली. ती माझ्यावर पालथी पडायला शिकली. मग निनादची झाशीला बदली झाली. पाळणा गेला, सोफाही गेला. टेम्पोत मला जागा उरली नाही. निघायच्या सकाळी बकुळने माझ्यावर आपली ओली खूण ठेवली आणि गाडीत बसली.

आता घरात आम्ही दोघं. दुपारी शरदिनीबाई डाव्या कुशीवर होतात, त्या डागाशी नाक नेतात, बोटं आवळतात, सोडतात. काही म्हणत नाहीत.

मित्रांनो, घरात कुणी गर्भार असेल तर तिला 'शांत राहा' असं ओरडून सांगू नका. तिला टेकायला काहीतरी मऊ द्या आणि शेजारी गप्प बसा. जुन्या माणसांनाही तेच द्या.

काशीत येणारा प्रत्येक जण मोक्ष मागतो. मला तो नको. कधी राजा घाटाकडे गेलात तर शरदिनीबाईंपाशी घटकाभर बसा, आणि जमलंच तर, त्यांना वाईट वाटणार नाही अशा बेताने सांगा: खोळ तेवढी धुवायला टाका.